सर्जन व्हायच्या आधीचं संशोधन: वैद्यकीय विद्यार्थ्यांची रिसर्च फेलोशिप समजून घेताना

पोटाचं ऑपरेशन संपत आलंय. आतडं जोडून झालं, रक्तस्राव थांबला, आता फक्त पोट शिवायचं राहिलंय. या टप्प्यावर सर्जन, असिस्टंट आणि सिस्टर अशा सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि शिवण्यासाठी नवी निर्जंतुक अवजारं घेतली, तर पुढे जखम पिकण्याचं प्रमाण कमी होईल का? प्रश्न इतका साधा, की एवढ्यासाठी संशोधन कशाला लागतं असं वाटावं. पण तो रीतसर विचारला गेला आणि त्याचं उत्तर २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. भारत धरून सात देश, ८१ रुग्णालयं, १३,३०१ पेशंट. नेहमीच्या पद्धतीने शिवलं तिथे १८.९ टक्के पेशंटची जखम पिकली. मोजे आणि अवजारं बदलली तिथे १६ टक्के. म्हणजे हजार ऑपरेशनांमागे २९ माणसांची जखम पिकायची वाचली. पिकलेली जखम म्हणजे रोजचं ड्रेसिंग, बुडालेली मजुरी आणि कधीकधी दुसरं ऑपरेशन, हे ज्याने वॉर्डात पाहिलंय त्याला २९ हा आकडा लहान वाटणार नाही.

या अभ्यासाला नवं औषध किंवा महागडं यंत्र लागलं नाही. लागली ती चिकाटी: ऑपरेशननंतर तीस दिवसांपर्यंत पेशंटचा माग ठेवायचा आणि जखमेचं काय झालं ते ठरलेल्या पद्धतीने लिहायचं. सर्जरीकडे जाऊ बघणाऱ्या विद्यार्थ्याने ‘क्लिनिकल रिसर्च’ शिकायचा म्हणजे आधी हे शिकायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. टाका घालायला पुढे आयुष्य पडलंय. टाका घातल्यावर पेशंटचं काय झालं, हे शेवटपर्यंत बघायची सवय मात्र विद्यार्थीदशेत लागली तरच लागते.

फेलोशिप म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर एमएस, म्हणजे सर्जरीची पदव्युत्तर पदवी, झाल्यावरची फेलोशिप येते. लॅप्रोस्कोपीची, कॅन्सर सर्जरीची. ती वेगळी. आपण बोलतोय ती एमबीबीएस करतानाची किंवा संपल्या संपल्या करायची. तिच्यात हातात चाकू येत नाही. येतो तो केसपेपरचा गठ्ठा, एक्सेलची शीट आणि फोन.

आपल्याकडे यातलं सगळ्यात ओळखीचं दार म्हणजे आयसीएमआरची ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’, एसटीएस. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही योजना १९७९ पासून चालवते. कोल्हापुरातल्या मुलांना त्यासाठी गाव सोडायची गरज नाही. सीपीआरला (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला) जोडलेलं राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की डी. वाय. पाटील, आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकाला गाइड म्हणून धरायचं, एक प्रश्न ठरवायचा, प्रपोजल लिहून ऑनलाइन पाठवायचं. निवड झाली की दोन महिन्यांचं काम करून रिपोर्ट द्यायचा. रिपोर्ट मंजूर झाला तर प्रमाणपत्र आणि ५० हजार रुपये मिळतात. नामंजूर झाला तर नाही. इंटर्न आणि पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) यांच्यासाठी ही योजना नाही, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता वेळ निघून जाते.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. बहुतेक मुलं इथेच घसरतात. ‘मधुमेह आणि शस्त्रक्रिया’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी दिसायला हव्यात: कुठले पेशंट, त्यांच्यावर काय केलं, तुलना कशाशी, आणि शेवटी काय मोजणार. तुलना दरवेळी लागतेच असंही नाही. आपल्या भागातला एक प्रश्न घेऊ. कडबाकुट्टीच्या यंत्रात बोटं गेलेले पेशंट आपल्याकडे नवे नाहीत. तसेच गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत भाजलेले किंवा हात चेंगरलेले. हे पेशंट मुंबई-पुण्याच्या पुस्तकी विद्यार्थ्याला क्वचित दिसतील, कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याला कॅज्युअल्टीत दिसतात. तर प्रश्न असा करा: कडबाकुट्टीत हात सापडलेला माणूस अपघातानंतर किती तासांनी ऑपरेशन टेबलवर पोहोचतो, आणि मधले तास नेमके कुठे जातात? गावात गाडी मिळेपर्यंत? पहिल्या दवाखान्यात? ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन निघण्यात? की मोठ्या रुग्णालयात पोहोचल्यावर, थिएटर मोकळं व्हायची वाट बघण्यात? लांबच्या चंदगडहून येणाऱ्याचा वेळ वेगळा, शहरालगतच्या करवीरमधल्याचा वेगळा. महापुराचे दिवस तर वेगळेच, २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्गच शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता. हा प्रश्न दोन महिन्यांत मावतो, त्याला प्रयोगशाळा लागत नाही आणि त्याचं उत्तर इथल्या माणसाच्या थेट उपयोगाचं आहे.

मात्र प्रश्न पक्का करायच्या आधी थिएटरच्या रजिस्टरसमोर बसा. मागच्या वर्षी याच दोन महिन्यांत असे किती पेशंट आले होते ते मोजा. ‘शंभर पेशंट घेऊ’ असं प्रपोजलमध्ये लिहायचं आणि प्रत्यक्षात अकरा यायचे, यात विद्यार्थ्याचा उत्साह पार मावळतो. पेशंट कमी असतील तर गेल्या दोन-तीन वर्षांचे केसपेपर काढून मागे वळून बघणारा अभ्यास करता येतो. त्याची अडचण वेगळी: अपघाताची वेळ केसपेपरवर लिहिलेलीच नसते. पुढे बघत जाणाऱ्या अभ्यासात ती वेळ आपण स्वतः विचारून लिहून घेतो, म्हणून तो जास्त भरवशाचा.

जखमेचा पाठपुरावा कसा असतो, ते जवळून बघण्यासारखं आहे. शस्त्रक्रियेनंतर जखम पिकली की नाही हे साधारण तीस दिवसांपर्यंत मोजतात. पेशंट तर आठव्या-दहाव्या दिवशी टाके काढून घरी गेलेला असतो. राहिलेले दिवस फोनवर. फॉर्मवर प्रश्न असतो: ‘जखमेत पू झाला का? होय/नाही.’ विद्यार्थी फोन लावतो, तिकडून पेशंटची बायको उचलते.

‘काकी, दवाखान्यातनं बोलतोय. काकांची जखम कशी आहे?’

‘बरी हाय की. ते शेताकडं गेल्यात.’

घाईत असलेला विद्यार्थी इथे ‘नाही’वर टिक करून मोकळा होतो. शिकलेला विद्यार्थी पुढे विचारतो, ‘कपड्याला डाग पडतोय का? कुठं पाणी येतंय?’

‘व्हय, कडंनं थोडं पाणी येतंय. गावातल्या डाक्टरनं गोळ्या दिल्यात.’

म्हणजे इन्फेक्शनची शक्यता आहे, पेशंट दुसरीकडे अँटिबायोटिक खातोय, आणि ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्याला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या हिशेबी ही जखम सुरेख भरली. अशा चार-पाच घरांत फोन झाले की विद्यार्थ्याला जे उमगतं ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात एवढ्या ठसठशीतपणे मिळत नाही. त्यानंतर त्या काकांना तपासणीला बोलवायचं, हेही संशोधनाचाच भाग आहे. माहिती मिळाली, फॉर्म भरला, आता आपला संबंध संपला, असं वागता येत नाही.

जे फोनच उचलत नाहीत त्यांचं काय? शंभरातल्या तीस जणांचा पत्ता लागला नाही आणि उरलेल्या सत्तरांत पाचच जखमा पिकल्या, तर ‘इन्फेक्शन सात टक्के’ असं लिहून टाकायचा मोह होतो. पण त्या तीस जणांत कोण असेल? कदाचित ज्यांची जखम बिघडली आणि म्हणून जे रागाने दुसऱ्या दवाखान्यात गेले तेच. अभ्यासातून गळालेली माणसं टिकलेल्या माणसांसारखीच असतील असं धरून चालता येत नाही. म्हणून डिस्चार्जच्या वेळी एकाऐवजी दोन नंबर घ्यायचे, त्यातला एक घरात टिकून राहणाऱ्या माणसाचा. ऊसतोडीच्या हंगामात कामावर गेलेल्याचा फोन लागेलच असं नाही, घरी असलेल्या सुनेचा लागतो.

आकडे हाती आले की दुसरा सापळा येतो. समजा एका युनिटमध्ये जखमा पिकण्याचं प्रमाण पाच टक्के निघालं, दुसऱ्यात पंधरा. लगेच दुसऱ्या युनिटचे सर्जन कच्चे ठरवायचे? थांबा. दुसऱ्या युनिटच्या वाट्याला इमर्जन्सी जास्त असतील: फुटलेलं अपेंडिक्स, आतड्याला भोक, मध्यरात्री आलेला पेशंट. पहिल्याकडे ठरवून केलेले हर्निया. खासबागेच्या मैदानात वजन न बघता कुस्ती जोडली तर निकालावरून डाव कुणाचा चांगला हे कळत नाही, तसंच हे. संशोधनात या गोंधळाला ‘कन्फाउंडिंग’ म्हणतात. उपाय दोन: एक तर सारख्याला सारख्याशी तोलायचं, म्हणजे हर्नियाची तुलना हर्नियाशी. किंवा कुणाला कुठला उपचार द्यायचा हे सर्जनने न ठरवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे दोन्ही गटांत तरुण-म्हातारे, मधुमेही-बिनमधुमेही सारखेच विखुरतात. दुसऱ्या पद्धतीला रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात. दोन महिन्यांच्या विद्यार्थ्याला तशी ट्रायल उभी करणं झेपणार नाही, पण ती वाचता आली पाहिजे.

कारण सर्जरीत ‘आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो’ हे वाक्य फार चालतं, आणि ट्रायल ते तपासून बघते. मुंबईच्या टाटा मेमोरियलचं उदाहरण आपल्या लोकांनी मुद्दाम माहीत करून घ्यावं. तोंडाचा कॅन्सर अगदी सुरुवातीचा आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही. मग तोंडातला कॅन्सर काढताना मानेतल्या लसिकाग्रंथीही त्याच वेळी काढाव्यात, की थांबून, गाठ दिसली तरच काढाव्यात? जगभरच्या सर्जनांत यावर अनेक वर्षं मतभेद होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी ट्रायल केली, २०१५ मध्ये ती ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. आधीच ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, थांबलेल्या गटात ६७.५ टक्के. तंबाखू आणि मिश्रीच्या या मुलखात हे उत्तर किती घरांना लागू पडतं, ते सांगायला नको. ते परदेशातून आलं नाही, आपल्याच पेशंटमधून, आपल्याच सर्जनांनी काढलं.

‘पण ते मोठे लोक, विद्यार्थी काय करणार?’ असं कुणी म्हटलं तर त्याला जे मॅक्लीन नावाच्या मुलाची गोष्ट सांगावी. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकणारा, सर्जरीकडे जायचं मनात असलेला विद्यार्थी. विल्यम हॉवेल या प्राध्यापकांकडे त्याने वर्षभरात तडीला जाईल असा एक प्रश्न मागितला. त्यांनी त्याला रक्त गोठवणाऱ्या पदार्थावर कामाला लावलं. १९१६ मध्ये त्याच्या हाती लागलं ते उलटंच, रक्त गोठू न देणारं द्रव्य. त्यातून पुढे हेपरिन आलं. आज हार्ट-लंग मशीनवर बायपास करताना किंवा रक्तवाहिनी जोडताना हेपरिनशिवाय पान हलत नाही. सगळ्यांच्या हाती हेपरिन लागणार नाही, उघड आहे. पण आपल्या अपेक्षेविरुद्ध निघालेला निकाल दाबून न टाकता लिहून ठेवणं, हे मात्र कुणालाही जमण्यासारखं आहे.

संमतीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे विद्यार्थी नकळत पेशंटवर अन्याय करून बसतो. पेशंटला हात लावण्याआधी किंवा त्याची माहिती वापरण्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. ती आल्याशिवाय एकही फॉर्म भरायचा नाही, गाइडने ‘सुरू कर, मंजुरी येईल मागून’ म्हटलं तरी. मग पेशंटची संमती. ऑपरेशनची संमती वेगळी आणि अभ्यासाची वेगळी. अभ्यासाचा कागद मराठीत हवा, आणि निपाणी-चिकोडीकडून आलेल्या कन्नड बोलणाऱ्या पेशंटसाठी कन्नडमध्ये. वाचता न येणाऱ्याला तो पूर्ण वाचून दाखवायचा, आणि अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. ‘नाही म्हटलं तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही’ हे वाक्य नुसतं कागदावर असून भागत नाही, तोंडाने सांगावं लागतं. आपला माणूस डॉक्टरला नाही म्हणायला बिचकतो. पांढरा कोट घातलेल्या पोराने कागद पुढे केला की तो ‘तुम्ही म्हणाल तसं, साहेब’ म्हणतो. ती संमती नव्हे. अशा वेळी कागद ठेवून जावं, घरच्यांशी बोलू द्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं.

आता अमेरिकेकडे वळू, कारण निम्म्या मुलांच्या डोक्यात तेच असतं. तिकडे विद्यार्थी शिक्षणाच्या मधेच एक अख्खं वर्ष काढून संशोधन करतात. त्यासाठी एनआयएच या तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा बेथेस्डा इथला वर्षभराचा कार्यक्रमही आहे. न्यूरोसर्जरी, ऑर्थोपेडिक्स, प्लास्टिक, ईएनटी या जागांसाठी चुरस मोठी. त्यात जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे, स्टेप वनचे, गुण जाऊन फक्त पास-नापास उरलं, आणि उमेदवार निवडताना संशोधनाच्या यादीला भाव आला. न्यूरोसर्जरीला निवड झालेल्या अमेरिकी विद्यार्थ्याच्या नावावर २०२२ मध्ये सरासरी २५ च्या आसपास पेपर, पोस्टर आणि सादरीकरणं होती. २०२४ मध्ये ३७ च्या घरात. दोन वर्षांत पेशंटचे प्रश्न दीडपट झाले नाहीत, याद्या फुगल्या. ही शर्यत मला घातक वाटते. तिच्यात एकाच माहितीचे पाच तुकडे करून पाच पेपर काढायची विद्या वाढते आणि तिसाव्या दिवशी फोन करायची विद्या मागे पडते.

आपल्याकडची काही मुलं एमबीबीएसनंतर तिथल्या सर्जरी विभागात रिसर्च फेलो म्हणून जातात. त्यातल्या बऱ्याच जागा बिनपगारी असतात, आणि पेशंटवर उपचार करायची मुभा नसते. खर्च घरचा. म्हणून कर्ज काढायच्या आधी त्या विभागाला एकच गोष्ट विचारा: तुमच्याकडचे मागचे तीन-चार फेलो आज कुठे आहेत? जे विभाग चांगले आहेत ते नावानिशी सांगतात, आणि त्या माजी फेलोंशी बोलूनही देतात.

ब्रिटनमधली एक पद्धत मला आपल्यासाठी जास्त योग्य वाटते. तिथे स्टारसर्ग नावाचं विद्यार्थ्यांचंच जाळं आहे. प्रश्न एक, फॉर्म एक, आणि प्रत्येक कॉलेजातले विद्यार्थी आपापल्या रुग्णालयातले थोडे थोडे पेशंट ठरलेल्या आठवड्यांत नोंदवतात. सगळं एकत्र केलं की हजारोंचा अभ्यास होतो. कोल्हापूर, मिरज, सोलापूर, बेळगाव इथल्या कॉलेजांनी कडबाकुट्टीच्या जखमांवर असा एक सामायिक अभ्यास केला, तर पश्चिम महाराष्ट्र आणि सीमाभागाचं चित्र पहिल्यांदा एका कागदावर येईल. पैसा फार लागणार नाही. लागेल तो एकमेकांवरचा विश्वास.

पालकांना एक गोष्ट सरळ सांगायला हवी. भारतात एमएसची जागा नीट-पीजीसारख्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर मिळते. विद्यार्थीदशेतल्या पेपरला तिथे एकही गुण नाही. मुलगी एसटीएस करते म्हणून सीट पक्की, असं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. फायदा पुढे आहे. एमएसला प्रबंध सक्तीचा आहे, २०२३ च्या पीजी नियमांनुसार संशोधन पद्धतीचा कोर्सही करावा लागतो, आणि पोस्टर, पेपर वाचन किंवा प्रकाशन यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. रात्रपाळीतून डोळे चोळत उठणाऱ्या रेसिडेंटला हे सगळं तेव्हा पहिल्यांदा शिकणं फार जड जातं. ज्याने आधी एकदा छोटा प्रश्न तडीस नेलाय त्याचा प्रबंध बघितला की फरक लगेच कळतो. त्यातले पेशंट खरे असतात.

गाइड निवडताना नावापेक्षा वेळ बघा. आठवड्यातून अर्धा तास बसून फॉर्म तपासणारे असिस्टंट प्रोफेसर हे कधीच न भेटणाऱ्या विभागप्रमुखांपेक्षा विद्यार्थ्याच्या जास्त कामाचे. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या आकडेवारीच्या जाणकाराला माहिती गोळा करायच्या आधी भेटा. नंतर भेटून उपयोग नसतो, फॉर्ममध्ये नसलेला रकाना तेही भरून देऊ शकत नाहीत. पेपरवर कुणाचं नाव कितवं, हे पहिल्या महिन्यात लिहून ठरवून घ्या. विद्यार्थ्याने सहा महिने राबायचं आणि छापून येताना त्याचं नाव शेवटी जायचं किंवा गळायचं, हे ठिकठिकाणी घडतं. तसंच काही न करता नाव घुसवणारेही असतात. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की लेखक तोच, ज्याने कामात भरीव वाटा उचलला, लिखाणात भाग घेतला, अंतिम मसुदा मान्य केला आणि चुकीची जबाबदारीही घेतली. चारही हवं. ‘चार दिवसांत पेपर स्वीकारू, एवढे पैसे भरा’ असा ईमेल आला तर उत्तरही देऊ नका. खऱ्या परीक्षकाचं चार दिवसांत वाचून होत नाही.

एसटीएसला निवड झाली नाही तर प्रपोजल फाडून टाकायचं कारण नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन तोच अभ्यास कॉलेज पातळीवर तसाच करता येतो. मानधन मिळत नाही, बाकी काहीही कमी होत नाही. फॉर्म तोच राहतो, फोन तेच करायचे. निकाल आला की आधी तो ज्या वॉर्डात पेशंट होते तिथल्या सिस्टरना आणि युनिटच्या सर्जनांना दाखवा. ड्रेसिंगची वेळ, डिस्चार्ज कार्डावरच्या सूचना, टाके काढायला बोलवायचा दिवस हे सगळं तेच लोक ठरवतात, आणि बदल करायचा तर तो तिथूनच होतो.